बाकालाओचं मीठ

आल्बासेतेच्या मंडईत पहिल्यांदा शिरलो तो टोमॅटो घ्यायला, आणि थबकलो वासाने. मालवणच्या बाजारातून मे महिन्यात आई परतली की तिच्या पिशवीला यायचा तोच वास, फक्त जरा थंड, जरा सौम्य. वासामागे गेलो तर एका गाळ्यावर पांढऱ्या फळ्या रचाव्यात तसे मासे रचलेले. मधून फाडून उघडलेले, अंगावर जाड्या मिठाचा थर, ठोकले तर खट्ट वाजतील इतके कडक. पाटीवर लिहिलं होतं, बाकालाओ. म्हणजे खारवलेला कॉड.

आल्बासेते हे स्पेनमधल्या ला मांचाच्या पठारावरचं शहर. उंची जवळजवळ ७०० मीटर, चहूकडे सपाट माळ. शहराचं नावही अरबीतून आलंय आणि त्याचा अर्थ सपाट जागा. सगळ्यांत जवळचा समुद्र गाडीने जवळपास दोन तासांवर, आणि तो भूमध्य. त्यात कॉड सापडत नाही. हा मासा नॉर्वे, आइसलँडकडच्या थंड पाण्यातला. तरी इथल्या आज्या तो गाळ्यावर असा उलटापालटा करून बघत होत्या, जशी आमची माणसं बांगड्याचा गाल वर करून बघतात.

मी तिथे पवनचक्क्यांच्या देखभालीच्या कामावर होतो. ज्या माळावर पूर्वी दळणाच्या पवनचक्क्या होत्या तिथे आता विजेच्या उभ्या आहेत, आणि आमचं काम बरंचसं इगेरुएलाच्या बाजूला. भाड्याची खोली शहरात, दुसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर घरमालकीण, वय पंचाहत्तरच्या पुढे. मी त्यांना तोंडावर सेन्योरा म्हणायचो आणि मनात आजी. त्या मला पहिल्या दिवसापासून ईहो म्हणायच्या, म्हणजे बाळा. स्पॅनिशमध्येही तू आणि तुम्ही वेगळे. मी तुम्ही म्हटलं की आजी चिडायच्या, आणि पंचाहत्तरीच्या बाईला तू म्हणायला माझी जीभ वळायची नाही. इथे लिहिताना मी त्यांना आजीच म्हणणार.

नोव्हेंबरात थंडी वाढली तशी कामावर एका शब्दाची चर्चा सुरू झाली. आतास्काबुर्रास. बर्फ पडला की आतास्काबुर्रास. आमच्यातला एक जण शेजारच्या क्वेन्का प्रांतातला होता, तो म्हणायचा तुमचं ते खरं नाही, आमचंच खरं. त्याच्याकडे याच्या भावंडाला आहोआर्रिएरो म्हणतात. त्यांचा वाद ऐकून मला एवढं कळलं की बटाटा, बाकालाओ, लसूण आणि ऑलिव्ह तेल एकत्र कुटायचं, वर उकडलेलं अंडं आणि अक्रोड. मला वाटलं, हे तर सोपं आहे. खारी मासळी आणि बटाटा. मी मालवणचा. मला कोण शिकवणार.

तर पहिला प्रयोग. गाळ्यावरून बाकालाओचे मिगास आणले. मिगास म्हणजे चुरा, लहान तुकडे. अख्ख्या लादीपेक्षा स्वस्त. स्वस्त म्हणजे तुलनेने, कारण गरिबांचा म्हणून ज्याची ख्याती तो मासा आता गरिबांना परवडेल असा राहिलेला नाही. आई खारा बांगडा करते तसं केलं. दोन पाण्यांत खळखळून धुतला, अर्धा तास पाण्यात ठेवला, पिळला. बटाटे उकडायला लावले, त्यात सवयीने चमचाभर मीठ घातलं, शेवटी मासा त्यातच सोडला. मग सगळं कुस्करून, तेल ओतून, वाटीत घेऊन उत्साहाने खाली गेलो.

आजींनी एक घास घेतला. गिळला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, उठून पेलाभर पाणी प्यायल्या, आणि मग हसायला लागल्या. इतकं हसल्या की डोळे पुसले. म्हणाल्या, तू तर खानावळवाला निघालास! संदर्भ मला समजला नाही, तेव्हा त्यांनी सांगितलं. १६०५ साली छापलेल्या 'दोन किहोते' (आपण डॉन क्विक्झोट म्हणतो ती) कादंबरीच्या पहिल्या भागात तो वेडा सरदार घर सोडून पहिल्याच रात्री एका खानावळीत उतरतो. दिवस शुक्रवारचा, मांसाला बंदी, म्हणून त्याच्यापुढे येतो बाकालाओ, तोही नीट न भिजवलेला. ला मांचातला प्रत्येक माणूस ते प्रकरण शाळेत वाचतो म्हणे. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या खानावळवाल्याच्या पंक्तीला मी जाऊन बसलो होतो.

त्या रात्री आईला फोन केला. आजींनी सांगितलेली रीत तिला ऐकवली: मासा एक ते दोन दिवस पाण्यात ठेवायचा, पाणी तीन-चारदा बदलायचं. आई क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "खारो बांगडो असो भिजत घालतत काय रे? मगे तेच्यात रवला काय?"

आईचा प्रश्न रास्त होता. आमच्याकडे पावसाळ्यासाठी बेगमी करतात ती मुळात मिठासाठीच. आषाढात होड्या बंद, ओली मासळी नाही, तेव्हा उकड्या तांदळाची बिनमिठाची पेज आणि निखाऱ्यावर भाजलेला खाऱ्या बांगड्याचा एक तुकडा. मीठ माशात असतं आणि पेजेत नसतं, आणि दोघं तोंडात भेटतात. एवढ्याशा तुकड्यावर वाडगाभर पेज उतरते. इथे उलट. इथे मीठ हा फक्त मासा आणणारा हमाल. त्याने मासा समुद्रापासून पठारापर्यंत आणून पोचवला की त्याला मजुरी देऊन परत पाठवायचं.

हमाल म्हटलं ते उगाच नाही. सोळाव्या शतकात बास्क दर्यावर्दी अटलांटिक ओलांडून न्यूफाउंडलंडपर्यंत देवमाशांच्या आणि कॉडच्या मागे जात होते. तिथे पकडलेला मासा खारवून आणायचा. किनाऱ्यावरून आत पठारावर तो यायचा खेचरांच्या पाठीवर. ती खेचरं हाकणारे आर्रिएरो, आपल्याकडे कोकणातून घाटावर मीठ चढवणारे बैलांचे तांडे होते ना, तसेच. क्वेन्कावाल्याच्या त्या आहोआर्रिएरोचा अर्थच तांडेवाल्याचं लसूण. गिऱ्हाईक हमखास होतं, कारण ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ, शिवाय शुक्रवार, आणि त्या दिवसांत मांस वर्ज्य. समुद्र न पाहिलेल्या माणसाला माशाचा उपास पाळायचा तर दुसरा मासा होताच कुठे? बटाटा बाकी बराच उशिरा आला. तो अँडीज पर्वतातून स्पेनमध्ये सोळाव्या शतकातच उतरला होता, पण सामान्य माणसाच्या चुलीवर त्याने जम बसवला तो पुढे, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात. म्हणजे किहोतेच्या ताटात बाकालाओ होता, बटाटा नव्हता.

बटाट्यावरून आठवलं. बोलताना एकदा माझ्या तोंडून बटाटा असाच शब्द गेला, तर आजी म्हणाल्या, बाताता नको, पाताता हवा. स्पॅनिशमध्ये बाताता म्हणजे रताळं. आपल्याला हा शब्द पोर्तुगिजांकडून मिळाला आणि आपण तो बटाट्यालाच चिकटवून ठेवला.

दुसऱ्या खेपेला भिजवण्यात चूक केली नाही. भांडं फ्रिजमध्ये, कारण बाहेर ठेवला तर मासा मीठ सोडता सोडता खराब व्हायचा. पाणी भरपूर, मासा पूर्ण बुडेल आणि वर चार बोटं राहील इतकं. कातडी असलेला तुकडा असेल तर कातडी वरच्या बाजूला, म्हणजे मांसातून सुटलेलं मीठ खाली बसतं, कातडीला अडत नाही. दर आठ तासांनी पाणी बदललं. पहिलं पाणी दुधाळ आणि खारट कडू, दुसरं बरं, तिसरं जवळपास साधं. चौथ्या पाण्यानंतर एक कण कच्चाच जिभेवर ठेवला, आजींनी सांगितलं होतं म्हणून. मीठ होतं, पण बोलत नव्हतं. मासाही पालटला होता. वाळलेल्या दोरखंडासारखा होता तो फुगून पांढरा आणि लवचिक झाला होता.

मग मी घोटाळा केला तो मिक्सरचा. कामावरून उशीर झालेला, भूक लागलेली. उकडलेले बटाटे, मासा, लसूण, तेल, सगळं एकदम भांड्यात टाकून फिरवलं. झाकण उघडलं तर आत पोस्टर चिकटवायची खळ. चमचा उचलला की तार धरायची. बटाट्यातला स्टार्च ज्या बारीक पेशींत बंद असतो त्या पात्याने चिरडल्या की तो सगळा बाहेर येतो आणि डिंक होतो, हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्या घरी कोणी बटाटेवड्याचं सारण मिक्सरमध्ये फिरवलेलं मी कधी पाहिलं नाही. ते भांडं मी आजींना दाखवलं नाही. पण मिक्सर त्यांना खाली ऐकू गेला होता. दुसऱ्या सकाळी जिन्यात भेटल्या तेव्हा फक्त एवढंच म्हणाल्या, शनिवारी ये, रिकाम्या हाताने ये.

शनिवारी त्यांच्या स्वयंपाकघरात टेबलावर खल होता. मातीचा, आतून-बाहेरून पिवळा लुकण लावलेला, वरून हिरव्या रंगाचे ओघळ, आणि बत्ता लाकडी, एका बाजूला झिजून तिरका झालेला. आमच्याकडच्या दगडी खलबत्त्यापेक्षा हलका, पण तोंडाने दुप्पट रुंद. सासूबाईंचा, म्हणाल्या. बटाटे किलोभर, जुने, सालीसकट उकडायला लावलेले. नवे नकोत, नव्यांत पाणी जास्त. बाकालाओ भिजल्यानंतर तीनशे ग्रॅमच्या आसपास. बटाटे शिजत आल्यावर त्यांनी मासा त्याच पाण्यात सोडला आणि गॅस इतका बारीक केला की पाणी नुसतं थरथरत होतं. पाच-सहा मिनिटं. त्याहून जास्त उकळला तर मासा दोऱ्यासारखा चिवट होतो. मासा बाहेर काढला आणि ते पाणी त्यांनी एका मगात काढून ठेवलं. मी सिंकमध्ये ओतायला हात पुढे केला होता, तर माझ्या मनगटावर चापट बसली.

लसूण जांभळट, लास पेद्रोन्येरासचा. ते गाव क्वेन्का प्रांतात, आणि लसणीची राजधानी म्हणून सगळ्या स्पेनमध्ये नावाजलेलं. चार पाकळ्या खलात, मीठ नाही. मी मिठाच्या बरणीकडे नुसतं पाहिलं तरी त्या मान हलवायच्या. लसूण कुटताना त्यांनी आवाज ऐकायला सांगितला. आधी टक टक, मग पचपच, आणि आवाज बंद झाला की झालं. मग बटाटा, सोललेला, बोटं पोळतील इतका गरम. गरमच हवा, गार झाला की गाठी जात नाहीत. त्या सोलत होत्या, मी कुटत होतो. कुटत होतो म्हणजे आपटत होतो. त्यांनी माझ्या हातातून बत्ता घेतला आणि दाखवलं: आपटायचं नाही, दाबायचं आणि भिंतीला घासत वर आणायचं. वरणाची डाळ घोटताना मनगट फिरतं तसं. तेवढं सांगितल्यावर मला समजलं. ते मनगट माझ्याकडे होतंच.

माशाचे काटे, जाड कातडी बाजूला काढून, मासा बोटांनी पाकळी पाकळी उकलून टाकला. कातडीचा थोडा भाग त्यांनी मुद्दाम राहू दिला. त्यातलं चिकट सत्त्व तेल धरून ठेवतं, म्हणाल्या. आणि मग तेल. एका हाताने बत्ता फिरवायचा, दुसऱ्या हाताने तेलाची धार सोडायची, सुतळीहून बारीक. धार जाड झाली की बटाटा तेल पीत नाही, वर तवंग येतो, आणि तसा तो आलाच. तेव्हा बाजूला ठेवलेल्या पाण्याचा एक चमचा घातला आणि घोटलं, तर तवंग नाहीसा. मग कळलं, चापट का मिळाली होती. जवळपास दीडशे मिलिलिटर तेल बटाट्याने प्यायलं. हळूहळू त्याचा रंग बदलला. पिवळट होता तो हस्तिदंती झाला, आणि बत्ता वर उचलला की मागे छोटं शिखर राहायला लागलं. माझा खांदा भरून आला होता. आजी म्हणाल्या, अजून. मी अजून केलं. मग त्यांनी बत्ता मधोमध उभा केला आणि हात सोडला. बत्ता उभाच राहिला. "आता," म्हणाल्या.

दोन अंडी उकडून चकत्या, मूठभर अक्रोड फोडून वर दाबले, आणखी थोडं तेल. ताटल्या वेगळ्या नाहीत. खल मधोमध, पाव हातात, आपापल्या बाजूने खायचं.

चवीबद्दल काय लिहू? पहिल्यांदा बटाटा लागतो, मऊ, तेलाने जड. मग लसूण नाकात चढतो. मासा सगळ्यात शेवटी येतो, तोही मासा म्हणून येत नाही, एक खोल खारटपणा म्हणून येतो, आणि मध्येच अक्रोड कडकन मोडतो. तिखटाची आठवण मला झाली, खोटं का बोला. हिरवी मिरची असती तर. पण चौथ्या घासानंतर ती आठवण गेली आणि सहाव्यानंतर मला श्वास घ्यायला थांबावं लागलं. तेव्हा आजींनी नावाची गोष्ट सांगितली. आतास्कार म्हणजे तुंबवणं, अडकवणं. बुर्रा म्हणजे गाढवीण. बर्फात अडकलेल्या दोन मेंढपाळांकडे उरले होते फक्त बटाटे आणि बाकालाओचा तुकडा, त्यांनी दोन्ही एकत्र शिजवून कुटलं, पोट इतकं गच्च भरलं की एक दुसऱ्याला म्हणाला, याने तर गाढवीणही तुंबेल. खरीखोटी देव जाणे. खाऊन उठताना मला ती खरी वाटली.

"पण बर्फ कुठाय?" मी विचारलं. बाहेर लख्ख ऊन होतं.

ही तालीम, त्या म्हणाल्या. खरा दिवस पहिल्या बर्फाचा. मग माझ्या डोक्यात आलेला प्रश्न मी विचारला: बर्फ पडल्यावर मासा भिजत घातला तर तो खायला दोन दिवस लागणार. आधी घातला आणि बर्फ पडलाच नाही तर? यावर त्यांनी आपल्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. हा दोन दिवस आधी सांगतो. १९७१ च्या जानेवारीत, त्यांच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आल्बासेतेत पारा उणे २४ पर्यंत उतरला होता, तेव्हा नळ फुटले, पण घरात मासा भिजलेला होता. २०२१ च्या जानेवारीत फिलोमेना नावाचं वादळ आलं आणि अर्धा देश बर्फाखाली गेला, तेव्हाही. १९७१ मध्ये गुडघ्याचा काही संबंध असणं शक्य नव्हतं, तेव्हा तर त्या विशीत होत्या, पण हे मी बोललो नाही.

खरा दिवस जानेवारीच्या शेवटी आला. हवामानखात्याचा इशारा होता, गुडघ्याचाही होता. मी दोन दिवस आधी मिगास भिजत घातले. पहिल्या प्रयोगाची धास्ती मनात होती, म्हणून पाणी तीनऐवजी सहादा बदललं, रात्री उठूनसुद्धा. सकाळी माळावर बर्फ सुरू झाला, दहा वाजेपर्यंत पाती दिसेनात, आम्हाला वर चढायची परवानगी नाकारली आणि दुपारीच घरी पाठवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षवेलींचे खुंट पांढऱ्यात काळे टिपके होऊन उभे.

खलही आता माझा स्वतःचा होता, त्याच मंडईतून घेतलेला. सालीसकट बटाटे, थरथरतं पाणी, लसणीचा आवाज बंद होईपर्यंत कुटणं, सुतळीहून बारीक धार. बत्ता उभा केला. कलला. आणखी दहा मिनिटं घोटलं, मग उभा राहिला. दोन्ही हातांनी खल उचलून जिना उतरलो.

आजींच्या टेबलावर त्यांचा खल आधीच तयार होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझा खल आपल्याकडे ओढला, पावाचा तुकडा तोडला आणि घास घेतला. या वेळी त्या पाणी प्यायला उठल्या नाहीत. हळूहळू चावत राहिल्या, खिडकीबाहेर बघत. मी उभाच होतो.

"पोत उत्तम," त्या म्हणाल्या. मग मिठाची बरणी उचलून माझ्यासमोर ठेवली.